डबा की घर? एका लोखंडी खोक्याचा आणि एका व्याख्येचा इतिहास

“आगं, डबा हाय त्यो. उचलला की गेला. त्याला कसली परवानगी?”

गेल्या उन्हाळ्यात आजऱ्याला गेले होते तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला हे ऐकवलं. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात त्यांची भाताची जमीन आहे. शेतात पूर्वापार एक खोप असते. दर पावसाळ्यात ती कुजते आणि दर दिवाळीनंतर पुन्हा शाकारावी लागते. या वेळी तात्यांनी ठरवलं की खोपीच्या जागी वीस फुटी जुना कंटेनर आणून ठेवायचा. मोटार, पाइप, फवारणीचा पंप, पॉवर टिलरची अवजारं सगळं आत राहील, कुलूप लावता येईल. विकणाऱ्याने सांगितलं होतं, “पाया नाही म्हणजे बांधकाम नाही, आणि बांधकाम नाही म्हणजे परवानगी नाही.” तात्यांनी विसारही दिला होता.

पुढचा बेत असा, की जमलंच तर त्याला खिडक्या पाडायच्या, एक बाथरूम जोडायचं आणि आंबोलीला जाणाऱ्या पर्यटकांना खोली भाड्याने द्यायची. यात माझाही स्वार्थ होता. माझ्या पीएचडीच्या मोजमापांसाठी तिथे एक टेबल, दोन डेटा लॉगर आणि नमुने ठेवायला जागा हवी होती. म्हणजे एकाच डब्याचे तीन उपयोग.

“तू शिकलेली हाईस, बघ जरा कायद्यात काय हाय,” असं तात्या म्हणाले आणि मी कामाला लागले. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मला वाटलं, कुठेतरी ‘कंटेनर’ असा शब्द सापडेल, त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिलेलं असेल. तसं काही सापडलं नाही. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर प्रश्न चुकीचा मांडला की उत्तर कसं हुलकावणी देतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आधी खोकं कधी आलं ते पाहू

आज आपण ज्याला कंटेनर म्हणतो त्याची जन्मतारीख साधारण सर्वमान्य आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाचं ‘आयडियल-एक्स’ नावाचं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालं. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने पेट्यांच्या मापांचं मानक काढलं. तेव्हापासून वीस फुटी पेटी जगात कुठेही गेलात तरी बाहेरून ६.०५८ मीटर लांब आणि २.४३८ मीटर रुंद. सध्याच्या नेहमीच्या पेटीची उंची २.५९१ मीटर. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जहाजावरची उमेद संपलेल्या पेट्या आता ट्रेलरवरून घाटावर येतात आणि साइट ऑफिस, दुकान, गोदाम होतात.

आता संशोधकाने इथे थांबून एक साधा प्रश्न विचारायचा. वस्तू १९५६ नंतरची आहे, मग तिला लागू होणारे नियम कधीचे?

‘धातू’ हा शब्द कायद्यात आधीच होता

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्यातली ‘इमारत’ या शब्दाची व्याख्या वाचा. घर, आउटहाउस, तबेला, शेड, झोपडी आणि अशी प्रत्येक रचना त्यात येते, मग ती दगडी असो, विटांची, लाकडाची, मातीची, धातूची किंवा इतर कोणत्याही साहित्याची. माझी नजर ‘धातू’वर अडकली. कंटेनरच्या सत्तर-एक वर्षं आधी व्याख्येत धातू हजर आहे.

हे तितकंसं नवल नाही. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल आठवा, जिथे १८९६ मध्ये ल्यूमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातला पहिला खेळ झाला. १८६७ ते १८६९ या काळात उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने मुंबईत आला आणि इथे जोडला गेला. म्हणजे जहाजातून आलेलं लोखंडी घर मुंबईने कंटेनरच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. (हॉटेलमुळे व्याख्येत ‘धातू’ आला असं मात्र लिहू नका. दोन गोष्टी जवळपासच्या काळात घडल्या, एवढंच इथे म्हणता येतं. प्रबंधात अशा जागी हमखास पाय घसरतो.)

हीच व्याख्या पुढे १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात आली आणि तिथे एक भर पडली: माणसांच्या राहण्यासाठी वापर होत असो वा नसो. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पाहिली तरी गाभा तोच. कोणत्याही कारणासाठी आणि कोणत्याही साहित्यातून उभी केलेली रचना म्हणजे इमारत. परवानगी घेऊन समारंभापुरते उभारलेले तंबू, शामियाने, ताडपत्रीचे आडोसे तेवढे बाहेर.

म्हणजे “लोखंडाचा डबा आहे, घर नाही” हा युक्तिवाद १८८८ च्या व्याख्येपुढेच लंगडा पडतो.

“उचलला की गेला” याचं काय?

तात्यांचा खरा मुद्दा मात्र साहित्याचा नव्हताच. डबा हलवता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हा मुद्दा वजनदार आहे आणि कायद्यातही त्याला जुनं मूळ आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ‘जमिनीशी जोडलेलं’ म्हणजे काय ते सांगतो: झाडासारखं मुळांनी धरलेलं, भिंतीसारखं जमिनीत रुतलेलं, किंवा अशा रुतलेल्या गोष्टीला तिच्या कायमच्या उपभोगासाठी जोडलेलं. चार दगडांवर ठेवलेला कंटेनर यातल्या कशातच सहज बसत नाही.

पण मुंबईतच यावर एक मोठा वाद झाला. इंडियन ऑइलच्या पेट्रोलियम साठवणाऱ्या टाक्यांवर महापालिकेने मालमत्ता कर लावला, आपल्या भाषेत घरफाळा. कंपनीची बाजू अशी, की टाक्या केवळ स्वतःच्या वजनावर उभ्या आहेत, नट-बोल्टने जमिनीला जखडलेल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९० च्या निकालात न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं नाही. टाक्या जखडलेल्या नसल्या तरी त्या कायम तिथेच राहण्यासाठी उभ्या केल्या आहेत, जागोजागी फिरवल्या जात नाहीत, म्हणून त्या करपात्र रचना ठरल्या.

‘हलवता येणं’ आणि ‘हलवलं जाणं’ यातला फरक इथे स्पष्ट होतो. आपल्या घरातलं लाकडी कपाटही हलवता येतं, पण आजोबांच्या लग्नापासून ते त्याच कोपऱ्यात असतं.

ब्रिटनमधली न्यायालयंही जवळपास इथेच पोहोचली. कार्डिफच्या एका पोलाद कारखान्याच्या करप्रकरणात १९४९ मध्ये तीन कसोट्या पुढे आल्या: आकार, स्थायित्व आणि जमिनीशी जोडणी. २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्याच कसोट्या एका हॉटेलच्या आवारातल्या मोठ्या मांडवाला लावल्या. मांडव दरवर्षी फेब्रुवारीत उभा राहायचा आणि ऑक्टोबरमध्ये काढला जायचा. तरीही नियोजनाच्या दृष्टीने ती इमारत ठरली. वर्षातले आठ महिने ठाण मांडून बसणाऱ्या गोष्टीला न्यायालय ‘तात्पुरती’ म्हणायला तयार नव्हतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. मुंबईच्या टाक्यांचा निकाल कराबद्दल आहे, बांधकाम परवानगीबद्दल नाही. एका कायद्यातला शब्द दुसऱ्या कायद्यात तसाच उचलून ठेवता येत नाही. विज्ञानात ‘बल’ आणि ‘दाब’ यांची सरमिसळ केली तर एकक जुळत नाही आणि चूक लगेच कळते. कायद्यात एककं नसतात, त्यामुळे ही चूक पानोपानी लपून राहते.

जमिनीच्या बाजूने पाहिलं तर

आतापर्यंत आपण खोक्याकडे पाहत होतो. आता जमिनीकडे पाहा. परवानगीचा दुसरा इतिहास तिथे सुरू होतो.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचं कलम ६५ म्हणतं, की शेतीसाठीच्या जमिनीच्या भोगवटादाराला शेतघर बांधायचा, विहीर-तळं खोदायचा हक्क आहे. पण जमीन शेतीव्यतिरिक्त दुसऱ्या कामाला लावायची असेल, तर आधी कलेक्टरची परवानगी हवी. आज ज्याला आपण सरसकट ‘एनए करणं’ म्हणतो, त्याचं हे मूळ. यात सरकारचा पहिला हेतू शेतसाऱ्याचा होता. वापर बदलला की आकारणी बदलायची.

इथे आजऱ्याच्या वाचकाने एक पाऊल थांबायला हवं. १८७९ साली आजरा ब्रिटिश मुलखात नव्हताच. तो इचलकरंजी जहागिरीत होता आणि ती जहागीर कोल्हापूर संस्थानाखाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यामुळे “१८७९ पासून आजऱ्यात हा नियम होता” असं वाक्य लिहिलं तर ते चूक ठरेल. कायदा कोणत्या सालचा, याइतकंच तो कोणत्या मुलखाचा, हेही विचारायचं असतं.

आज सगळ्या महाराष्ट्राला १९६६ ची जमीन महसूल संहिता लागू आहे. तिच्या कलम ४१ मध्ये शेतघराचा तो जुना हक्क कायम आहे (मोठ्या शहरांच्या परिसरात जादा अटींसह). शेतघर म्हणजे काय तेही तिने सांगितलंय: अवजारं, खत, वैरण किंवा शेतमाल ठेवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, धारकाचं कुटुंब, नोकर किंवा कुळं यांच्या राहण्यासाठी, किंवा त्याच्या शेतीव्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या इतर कामासाठी उभारलेली रचना.

ही यादी मी तात्यांना वाचून दाखवली. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे खोपच म्हनायची की, पत्र्याची.”

तात्यांनी एका वाक्यात जे पकडलं त्याला मला चार दिवस लागले. अवजारं ठेवायचा कंटेनर महसूल कायद्याच्या नजरेत खोपीचाच भाऊ. पण तोच कंटेनर पर्यटकाला भाड्याने दिला, की तो शेतघर राहत नाही. खोकं तेच, जागा तीच, वजनही तेच. बदलला तो वापर.

आणि माझं टेबल? विद्यापीठाच्या संशोधनाचे नमुने काही तात्यांच्या शेतीव्यवस्थेचा अविभाज्य भाग नाहीत. सल्ला द्यायला गेलेली मीच त्या डब्यातली शेतीबाहेरची वस्तू निघाले.

नियोजनाचा तिसरा धागा

महसूल कायद्यातून सुटलो म्हणजे सगळ्यातून सुटलो, असं मात्र नाही. मुंबई प्रांताचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा, दुसरा १९५४ चा, आणि त्यानंतर आला १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. या शेवटच्या कायद्याने ‘विकास’ या शब्दाची जी व्याख्या केली, ती कंटेनरवाल्याने पाठ करावी अशी आहे. तिचे ढोबळमानाने दोन भाग. एक, जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली बांधकाम, अभियांत्रिकी, खाणकाम वगैरे काम करणं. दोन, इमारतीत, जमिनीत किंवा त्यांच्या वापरात भरीव बदल करणं.

समजा, तुम्ही वादात जिंकलात आणि कंटेनर ठेवणं हे ‘बांधकाम’ नाही असं सिद्ध केलंत. तरी दुसरा भाग उरतोच. वापर बदलला तर एक वीटही न लावता ‘विकास’ होतो. विकणाऱ्याचं “पाया नाही म्हणजे परवानगी नाही” हे वाक्य नेमकं इथे कोसळतं. ते फक्त पहिल्या भागाला उत्तर देतं.

हा कायदा सगळंच बांधून ठेवत नाही. कलम ४३ मध्ये काही गोष्टींना परवानगीची गरज नाही. शेतीच्या नेहमीच्या कामातलं विहिरीसारखं खोदकाम, केवळ शेतजमिनीवर जाण्यासाठीचा रस्ता, एरवी एका कामाला वापरल्या जाणाऱ्या जमिनीचा प्रसंगोपात्त दुसरा वापर, अशी ती यादी आहे. ‘प्रसंगोपात्त’ शब्द लक्षात ठेवा. जत्रेपुरता उभा केलेला स्टॉल वेगळा आणि बारमाही खोली वेगळी.

मग अर्ज कुणाकडे करायचा? इथे आजऱ्याचाच नकाशा काढावा लागतो. आजरा गावात पूर्वी ग्रामपंचायत होती. २०१८ मध्ये नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. म्हणजे जमीन नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर परवानगीचं दार नगरपंचायतीचं. हद्दीबाहेरच्या गावात असेल तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५२ (इमारत उभारण्यावरचं नियंत्रण) पाहायचं आणि जिथे प्रादेशिक योजना लागू आहे तिथे नगररचना कायद्याच्या कलम १८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची बाजू. बांधाच्या अलीकडे एक कार्यालय, पलीकडे दुसरं. म्हणून इंटरनेटवर कुणी “आमच्याकडे काही लागलं नाही” असं सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा, “तुमच्याकडे म्हणजे नेमकं कुठे?”

शेवटी टेप घेऊन मोजलं

विज्ञानवालीला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. समजा वापर बदलायची परवानगी मिळाली आणि डब्याची राहती खोली करायची ठरलं. राष्ट्रीय इमारत संहिता (पहिली आवृत्ती १९७०, सध्याची २०१६) राहण्याच्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची मागते. एकच खोली असेल तर किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी.

नेहमीच्या कंटेनरची आतली उंची साधारण २.३९ मीटर, म्हणजे ३६ सेंटिमीटर कमी. आतली रुंदी साधारण २.३५ मीटर, पाच सेंटिमीटर कमी. ‘हाय क्यूब’ म्हणून मिळणारी उंच पेटी घेतली तरी आतली उंची साधारण २.६९ मीटरच भरते. वर आतून उष्णतारोधक थर लावला (उन्हाळ्यात उघड्या पत्र्याखाली राहायचं तर तो हवाच) की उरलेली जागाही आक्रसते. क्षेत्रफळ तेवढं पुरतं. म्हणजे एकच खोकं गोदाम म्हणून निर्धास्त चालतं आणि खोली म्हणून मापातच अडखळतं. यात आश्चर्य नाही. ही मापं जहाज, ट्रेलर आणि क्रेनसाठी ठरली आहेत. खोलीची मापं ठरली ती माणसाच्या श्वासासाठी आणि वाऱ्यासाठी.

खिडक्या पाडण्याचंही तसंच. कंटेनरचं मुख्य वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतं, पण नालीदार भिंती त्याला तिरकं होण्यापासून धरून ठेवतात. मोठी भोकं पाडली की चौकट घालून ती ताकद परत द्यावी लागते. आणि जुन्या पेटीत बियाण्याचं भात ठेवायचा विचार असेल तर दारावरची पाटी वाचा. आतल्या लाकडी फळीला कीडनाशक प्रक्रिया केली असेल तर तिची नोंद तिथे असते. त्या फळीवर घनसाळची पोती थेट टेकवू नयेत.

तुमच्यासाठी यातून काय

मी प्रश्न घेऊन गेले होते, “कंटेनरला परवानगी लागते का?” या प्रश्नात मध्यभागी नाम आहे, कंटेनर. कायद्यांनी मात्र प्रत्येक वेळी क्रियापदाकडे पाहिलं. उभारणं, ठेवणं, वापरणं, बदलणं. नेमका प्रश्न असा निघाला: या गटात, या हद्दीत, ही रचना किती काळ आणि कशासाठी राहणार आहे? असा विचारला की उत्तर देता येतं.

तुमच्या संशोधनाच्या विषयालाही हे लावून पाहा. विषयातली वस्तू बाजूला ठेवा आणि तिच्याबाबत काय घडतंय ते लिहा. प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची व्याख्या मूळ मजकुरात जाऊन वाचा, तिचं साल लिहा, ती कोणत्या मुलखाला आणि कोणत्या हेतूने लागू होती ते लिहा. कराची व्याख्या परवानगीला चिकटवू नका. आणि प्रश्नात तुमचा स्वतःचा स्वार्थ कुठे दडलाय तेही पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी ते केलं नव्हतं, म्हणून माझं टेबल मला सगळ्यात शेवटी दिसलं.

तात्यांनी विसार मोडला नाही. कंटेनर घ्यायचाच, पण अवजारांपुरता, असं ठरलं. ट्रेलर यायच्या आधी सातबाऱ्याचा उतारा, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि ‘शेती अवजारे ठेवण्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेला अर्ज त्यांनी दिला आणि त्याची पोच घेतली. पर्यटकांच्या खोलीचा बेत रद्द नाही, पण तो वेगळ्या अर्जाचा आणि वेगळ्या मापाच्या खोलीचा विषय आहे, हे त्यांना पटलंय. माझे डेटा लॉगर आता गावातल्या घरी माळ्यावर असतात. पावसाळ्यात नमुने घेऊन शेतातून तिथवर चालत जावं लागतं, तेव्हा त्या डब्याकडे बघून थोडा हेवा वाटतो खरा.